पाऊस पडू दे, मग बघू

पत्र, थोडक्यात : इंदूरच्या एका शिक्षिकेने लिहिलं आहे. वय ५६. घरात दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेले यजमान आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. मुलगा-सून पुण्याला. दर उन्हाळ्यात कुठेतरी जायचं ठरतं आणि राहून जातं. यंदा हिमाचलचं ठरलं होतं, पण एप्रिलमध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण सगळ्यांनी धसका घेतला आणि बेत रद्द झाला. मे महिना वाळवणात, नातवंडांत आणि माहेरपणाला आलेल्या नणंदेच्या पाहुणचारात गेला. शाळा उघडायला आता दहा-बारा दिवस उरलेत. शाळेतल्या तीन मैत्रिणी दोन रात्रींसाठी महेश्वरला निघाल्या आहेत आणि ‘तू पण चल’ म्हणून मागे लागल्या आहेत. यजमान म्हणतात, ‘या उन्हात कुठे जातेस? पाऊस पडू दे, मग बघू.’ नणंद फोनवर म्हणाली, ‘आईला अशा अवस्थेत टाकून?’ बाई विचारतात, ‘सगळं असूनही सुट्टी वाया गेल्यासारखी वाटते, हा कृतघ्नपणा आहे का? मी जाऊ, की मनाची समजूत घालून घरातल्याच छोट्या छोट्या गोष्टींत आनंद मानू?’

ताई,

जा. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत आणि मैत्रिणींना खोलीसाठी माणसं किती ते कळवायचं असेल. बाकीचं सावकाश वाचा. पण वाचा नक्की, कारण पत्रात तुम्ही काही गोष्टी पक्क्या धरून चालला आहात. त्या तशाच मनात ठेवून गेलात, तर नर्मदेच्या घाटावर बसूनही तुमचं सगळं लक्ष फोनकडे राहील.

सुट्टी वाया गेली असं तुम्ही लिहिता आणि लगेच पुढच्या ओळीत कुरडया किती घातल्या आणि त्यातल्या किती पुण्याला रवाना झाल्या ते सांगता. कुरडया म्हणजे काय काम असतं ते मला ठाऊक आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो गुठळी न होऊ देता शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर सोऱ्याने घालून मोकळं व्हायचं. मग दुपारी आभाळ भरून आलं की धावत वर. ज्या बाईने हे केलं, शिवाय घर भरून आलेली माणसं जेवूखाऊ घातली, तिचा मे महिना वाया गेला असं कुणी म्हणू नये, तिने स्वतःनेही नाही. सुट्टी पुरेपूर कामी आली. पण तिच्यात तुम्ही स्वतःसाठी ठरवलेला एकही दिवस नव्हता, आणि दुखतंय ते तिथे. यात कृतघ्नपणा मला कुठेच दिसत नाही. भरलं घर आवडणं आणि त्या घरातून दोन दिवस बाहेर पडावंसं वाटणं, दोन्ही एकाच बाईला एकाच वेळी वाटतं. नातवंडं गेल्यावर घर सुनं वाटून डोळे भरून येतात आणि त्याच रात्री, चला, उद्या उशिरा उठता येईल, असंही मनात येतं. खोटं त्यातलं काहीच नसतं.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी बरंच आहे, पण त्यांचं स्वतःचं एकही वाक्य नाही. यजमान काय म्हणाले ते आहे, नणंद काय म्हणाली तेही आहे. ज्यांच्यासाठी तुम्ही थांबणार, त्यांना कुणी विचारलंय का? म्हातारी माणसं पडली की आपण त्यांना जपायला लागतो आणि जपता जपता त्यांना विचारायचं थांबतो. आपल्यामुळे सुनेचं जाणं अडलं, हे त्यांना कळत नसेल असं समजू नका. आज रात्री जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा : ‘आई, मी दोन दिवस महेश्वरला जाऊन येऊ का? आणि मी नसताना तुम्हाला रात्री कशाची भीती वाटेल?’ दुसरा प्रश्न विसरू नका. त्याचं उत्तर बहुधा अगदी साधं निघेल. न्हाणीघराकडे जाताना अंधार असतो, फरशी ओली राहते, हाक मारली तर ऐकू जाईल की नाही. त्यावर उपाय आहेत : रात्रभर जळणारा बारीक दिवा, पाय न सरकणारी रबरी चटई, भिंतीला पक्की बसवलेली आधाराची दांडी, उशाशी एक घंटी. तुम्ही गेलात काय आणि न गेलात काय, हे एव्हाना व्हायलाच हवं होतं. उद्याच प्लंबरला बोलवा.

यजमान दोन वर्षं घरी आहेत. आईची कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे त्यांना पाठ आहे का? नसेल असा माझा अंदाज आहे, आणि त्यात दोष त्यांचा एकट्याचा नसावा. ते काम तुम्हीही कधी हातातून सोडलं नसेल. ‘मी सांगेपर्यंत मीच देऊन मोकळी होते’, असं आपल्यापैकी किती जणी म्हणतो! तर आता सोडा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडा, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला ठळक अक्षरात वेळा आणि गोळ्या लिहा, खाली डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा नंबर टाका आणि पान फ्रिजला लावा. निघण्याआधी दोन दिवस, तुम्ही घरात असतानाच, सगळं त्यांच्याकडे द्या. चुकले तर सांगा, पण करू त्यांनाच द्या. बँकेत आयुष्यभर लोकांचे हिशेब चोख ठेवलेला माणूस चार गोळ्यांचा हिशेब नक्की ठेवेल. जेवणासाठी दोन दिवस बाहेरून डबा लावा. जाण्याआधी चार भाज्या करून फ्रिजमध्ये डबे रचून ठेवू नका, नाहीतर दमूनच गाडीत बसाल.

नणंदेचा प्रश्न टोमणा म्हणून घेऊ नका. लेक आहे, आईची काळजी वाटणारच. त्यांना फोन करा आणि म्हणा, ‘वन्सं, तुमचं बरोबर आहे, आईंजवळ आपल्यापैकी कुणीतरी हवं. मी नाही त्या दोन रात्री तुम्ही येता का?’ आल्या तर सासूबाईंना दोन दिवस लेक मिळेल, तीही पाहुणी म्हणून आलेली नव्हे. नाही जमलं, तर त्याही त्यांच्या घरात तुमच्याइतक्याच अडकल्या आहेत हे तुम्हाला कळेल, आणि तुमची अडचण त्यांना कळेल. दोन्हींत तुमच्यातला ताण कमीच होईल.

‘पाऊस पडू दे, मग बघू’ या वाक्याकडे जरा नीट बघा. यजमान उन्हाला नाही म्हणताहेत, तुम्हाला नाही म्हटलेलं मला तरी पत्रात कुठे दिसलं नाही. पण मृग लागला तरी आपल्याकडे पाऊस धड सुरू व्हायला जूनचा मध्य उलटतो, आणि शाळा नेमकी तेव्हाच उघडते. म्हणजे शिक्षिकेसाठी या वाक्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. बँकेच्या नोकरीत रजा कधीही टाकता येते, त्यामुळे हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. रुसवा न धरता, कॅलेंडर पुढ्यात ठेवून दाखवा. आणि मैत्रिणींबरोबर जाणं म्हणजे त्यांना वगळणं असं त्यांना वाटत असेल, तर तेही बोलून टाका. तुमची त्यांच्याबरोबरची सहल अजून बाकीच आहे, तिच्याकडे मी येतेच.

उन्हाबद्दल मात्र त्यांचं म्हणणं खरं आहे आणि ते तुम्ही मनावर घ्यायला हवं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. मानपूरचा घाट उतरून निमाडात, म्हणजे नर्मदेकाठच्या सखल पट्ट्यात शिरलं की महेश्वर दीडशे मीटरच्या आसपास. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातलं निमाडाचं ऊन आपल्याला सोसत नाही. म्हणून दुपार विसरूनच जा. पहाटे निघा. गाडी ठरवली तर ९० किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात. बसने जायचं तर धामनोदला उतरून पुढे दुसरी गाडी मिळते. घाटावर जायचं ते सूर्य उगवताना आणि मावळताना. दहा वाजून गेले की त्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठरत नाही. मधले तास खोलीत पडून राहा, कैरीचं पन्हं प्या, झोपा. चार शिक्षिका दुपारभर शाळेबद्दल एक शब्दही न बोलता लोळल्या तर तीही सहलच आहे.

मग पावसानंतरच का जाऊ नये, असंही तुमच्या मनात येईल. हवा तेव्हा छान असते, पण नर्मदा गढूळ होते, पाणी चढतं आणि नावाही बंद ठेवाव्या लागतात. आत्ता पात्र शांत आहे, खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसता येतं, नाव करून नदीमधल्या बाणेश्वराच्या छोट्या देवळापर्यंत जाता येतं. आंघोळ मात्र घाटाला धरूनच करा. वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, म्हणजे त्यांची जयंती नुकतीच झाली. १७६७ मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांनी महेश्वरला राजधानी केली आणि १७९५ मध्ये जाईपर्यंत तिथूनच राज्य केलं. किल्ल्यावरची त्यांची गादी आवर्जून बघा. राजधानी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं तसं तिथे काही नाही. लाकडी खांबांचा मराठी वाडा आणि ओसरीवर एक साधी बैठक. सकाळी तिथे लिंगार्चन चालतं, काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगं करून पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात. त्यांच्या काळापासूनचा हा नेम आहे. मातीच्या त्या ओल्या ओळी बघताना आमच्यासारख्या बडबड्या बायकाही गप्प होतात. खाली उतरलात की मागांचा आवाज येतो. महेश्वरी साडीच्या काठावरचे चटई, वीट, हिरा, लहर हे नमुने किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचललेले आहेत. आधी दगडावर शोधा, मग काठावर. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, हे दुकानदार सांगेलच. सासूबाईंसाठी हलक्या सुती-रेशमी कापडाचं काहीतरी घ्या, पण ते प्रायश्चित्त म्हणून नको. त्यांना आवडतं म्हणून घ्या.

आणि तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, छोट्या गोष्टींत आनंद मानण्याचा. यावर मला मनापासून बोलायचंय. हा सल्ला बायकांना फार सहज मिळतो, आणि बहुतेकदा त्यांनी काहीतरी मागितल्यावर मिळतो. गावाला जायचं होतं? अगं, मोगरा बघ किती फुललाय. मला मोगरा प्रिय आहे. पण तो न झालेल्या प्रवासाची भरपाई म्हणून पुढे केला की त्याचाही राग यायला लागतो, आणि मग आपलंच मन कोतं आहे असं वाटून घेत आपण गप्प बसतो. तुम्ही तसं करू नका. महेश्वरला जाणं ही एक गोष्ट. घरातली, गल्लीतली सुखं ही दुसरी. एक मिळालं म्हणून दुसऱ्यावर पाणी सोडायचं कारण नाही.

आणि उन्हाळ्याच्या शेवटाला आपल्या इंदुरात ही सुखं काय कमी असतात! हापूस उतरणीला लागला की लंगडा आणि दशहरी येतात, मागून चौसा. ठेल्यावर खिरण्या दिसतात, पिवळ्याधमक. खाताना त्यांच्या चिकाने ओठ एकमेकांना चिकटतात, आणि पाऊस लागला की त्यांचा हंगाम आटोपतो. फालशांवर काळं मीठ भुरभुरून देतात. जांभळं येऊ लागतात. लोणच्याच्या कैऱ्या फोडून आणायच्या राहिल्या असतील तर यंदा ते काम यजमानांकडे द्या. बाजारात अडकित्त्यावर फोडून देतात, दहा मिनिटांचं काम, पण कोय कोवळी निघाली तर परत करायची हे त्यांना सांगून ठेवा.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ठेवा. अकराच्या पुढे जो वारा सुटतो त्यावरूनच इथल्या रात्रीला शब-ए-मालवा म्हणत आले आहेत, आणि तो वारा एसी लावून दारं बंद केलेल्या घरात येत नाही. एक तरी रात्र वर गादी टाकून झोपा. सासूबाईंना जिना चढवत नसेल तर अंगणात त्यांची खाट टाका आणि तुम्ही शेजारी बसा. एका रात्री यजमानांना घेऊन सराफ्यात जा. सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा कीस खा, साबुदाण्याची खिचडी खा, आणि कुणी ओळखीचं भेटलं तर तिथेच उभ्या उभ्या अर्धा तास गप्पा मारा. शाळा सुरू झाली की दुसऱ्या दिवशीच्या सकाळची धास्ती असते, म्हणून हे आत्ताच करा.

आता यजमानांबरोबरची सहल. त्यांना पाऊस हवा आहे ना, मग पावसाची जागा त्यांनाच निवडू द्या. माझ्या मनात मांडू आहे. धारमार्गे शंभरेक किलोमीटर, उंची सहाशे मीटरच्या वर. जुलै-ऑगस्टमध्ये ढग जहाजमहालाच्या कमानींतून आत येतात आणि दोन्ही बाजूंची तळी भरली की तो महाल खरोखरच पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. रूपमतीच्या मंडपात उभं राहिलं की खाली सगळा निमाड पसरलेला असतो. एक रविवार पुरतो. तेवढंही चालणं झेपत नसेल, तर इंदूरजवळच्या महूपलीकडे पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेजची हेरिटेज गाडी आहे. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली, पावसाळ्यात चालते आणि तिच्या तारखा रेल्वे जाहीर करते. होळकर संस्थानाने दिलेल्या १ कोटी रुपयांच्या कर्जातून बांधलेल्या जुन्या मार्गाचा हा तुकडा आहे, बोगदे आणि पूल ओलांडत गाडी घाट उतरते. कालाकुंड स्टेशनवर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो. पाताळपाण्याचा धबधबा बघायचा तो वरून, कठड्याच्या अलीकडून. २०११ च्या जुलैत अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे माणसं वाहून गेली होती. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं, म्हणून मुलं बरोबर असतील तर कुंडाकडे उतरूच नका.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतरांसाठीही दोन शब्द लिहिते. ज्यांच्या घरचं माणूस खरोखर अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांना मी इतक्या चटकन ‘जा’ म्हणणार नाही. पण त्यांनी निदान एक दिवस मागावा. सकाळी उज्जैनला जाऊन संध्याकाळी परत येता येतं, ५५ किलोमीटर तर आहे. तेही शक्य नसेल तर आठवड्यातले तीन तास मागावेत, आणि ते बँक, दळण, औषधं यांत घालवू नयेत. आईवडिलांना एकट्याने सांभाळणाऱ्या मुलग्यांनाही हेच सांगेन. त्यांना तर कुणी विचारतच नाही. आणि मागताना कारणं जोडू नका. ‘डोकं दुखतंय’, ‘मैत्रिणीला सोबत हवी होती’, असं म्हटलं की समोरचा कारणावर इलाज सांगत बसतो. ‘मला जावंसं वाटतंय’ एवढं पुरे.

परत तुमच्याकडे येते. हिमाचलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून महेश्वरचा खर्च करायला तुम्हाला संकोच वाटतो, असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. ते पैसे फिरण्यासाठीच ठेवले होते ना? मग फिरण्यावरच खर्च होताहेत. उरतील त्यात मांडूही होईल. शनिवार-रविवार महेश्वरला गर्दी असते, म्हणून बुधवारी किंवा गुरुवारी निघा. खोली घाटापासून चालत जाता येईल अशी घ्या, जिने कमी आहेत ना ते विचारा. घरी फोन रात्री एकदा करा, आणि तो सासूबाईंना करा. मांडूचा रविवार कोणता, ते मात्र निघण्याआधीच यजमानांकडून कॅलेंडरवर लिहून घ्या, त्यांच्याच हाताने.